वणवा आणि गवत : मुळशीच्या डोंगरांतील आगीचा इतिहास

१/
फाल्गुन लागला की पुणे–पौड–ताम्हिणी रस्त्याने रात्री जाणाऱ्यांना डोंगरावर केशरी रेषा दिसू लागतात. घोटवडे फाट्याजवळचे भरे असो, पौड असो, की मुळशी जलाशयाच्या काठची गावे; उतारावरून नागमोडी वर सरकणारी ती रेषा म्हणजे वणवा. सकाळी तिच्या जागी काळा पट्टा उरतो. ही आग कोण लावतो आणि ती विझवायची कोणी, हे दोन प्रश्न दीडशे वर्षे सरकारदरबारी पडून आहेत. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२/
आधी एक फरक लक्षात घ्यावा लागेल. कॅलिफोर्नियातील मोठ्या आगी झाडांच्या शेंड्यांवरून धावतात आणि पहाडी महामार्ग दिवसेंदिवस बंद पाडतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथील पॅरडाइज हे गाव जळाले तेव्हा ८५ माणसे गेली, आणि गावाबाहेर पडणारे रस्तेच वाहनांनी तुंबले होते. सह्याद्रीचा वणवा जमिनीलगत चालतो. त्याचे मुख्य इंधन गवत. तो काही तासांत डोंगर चढून जातो, घाटरस्त्यावर धूर उतरतो, गाड्या थबकतात, वारा फिरला की पुन्हा चालू लागतात. दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होत नाही, म्हणून दप्तरातही तो क्वचितच सापडतो.

३/
याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा नव्हे. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचा गट अशाच वणव्यात सापडला. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. तेथेही उतार गवताचेच होते.

४/
सह्याद्रीत विजेने आपोआप लागणारा वणवा दुर्मीळ. वीज येते ती वळवाच्या सरींबरोबर, आणि सरी आल्या की गवत ओले होते. म्हणजे येथील जवळजवळ प्रत्येक आगीमागे माणूस असतो. तेव्हा वणव्याचा इतिहास हा निसर्गाचा कमी आणि गवताच्या मालकीचा अधिक आहे.

५/
जुन्या राज्यकर्त्यांना गवत आणि आग यांचे नाते नेमके ठाऊक होते. १६७० च्या दशकात चिपळूणच्या छावणीतील लष्कराला शिवाजी महाराजांच्या वतीने गेलेले पत्र अनेकांनी वाचले असेल. रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याच्या ताकिदीसाठी ते नेहमी सांगितले जाते. त्याच पत्राचा मोठा भाग मात्र आगीविषयी आहे. गवताच्या गंजी रचलेल्या असताना कोणी चूल पेटवेल, कोणी तंबाखू ओढेल, रात्री तेवत ठेवलेल्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि पागेचे सगळे गवत जळेल, ही त्यातील काळजी. घोडदळावर उभे असलेले राज्य गवतावर उभे असते, हे त्या पत्रातून जितके कळते तितके लढायांच्या वर्णनांतून कळत नाही.

६/
पुढे पेशवाईतही सरकारी कुरणे राखलेली असत. कुरण राखणे म्हणजे गवत कापेपर्यंत गुरे आणि आग दोन्ही दूर ठेवणे. पावसाळा सरल्यावर गवत कापले, भारे बांधले, पागेत पोचवले की उतार मोकळा होई. जळण्यासारखे फारसे उरतच नसे. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

७/
आता आगीची दुसरी बाजू. मावळ आणि मुळशी ही भाताची खोरी. रोपे टाकायची जागा आधी भाजून घेण्याची येथे जुनी रीत आहे. तिला ‘राब’ म्हणतात. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळाचा टाहाळ, वर गवत आणि पालापाचोळा, सगळ्यावर बारीक मातीची पाखर. चैत्र-वैशाखात वाऱ्याचा रोख पाहून हा राब पेटवायचा. तणाचे बी मरते, राख मिळते, माती भुसभुशीत होते आणि पहिल्या पावसाबरोबर रोप जोमाने उठते. डोंगरावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरीसाठीही भाजणी होई. आग हे येथे शेतीचे अवजार होते. ते हाताळायला नांगराइतकेच शिकावे लागे, आणि एखाद्याचा राब हातचा सुटला तर त्याचाच वणवा होई, हेही खरे.

८/
१८४७ मध्ये मुंबई इलाख्याला पहिले वनसंरक्षक मिळाले : डॉ. अलेक्झांडर गिब्सन. हे पुण्याजवळच्या दापोडीतील सरकारी वनस्पती-बागेचे अधीक्षक. डोंगर भाजून केलेल्या फिरत्या शेतीला त्यांचा सक्त विरोध होता. त्यानंतर रेल्वे आली, स्लीपरांना सागवान लागू लागले, आणि १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी डोंगर सरकारजमा होण्याची वाट बांधून दिली. १८७८ च्या कायद्याने वनांचे तीन वर्ग केले : राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. पहिल्या वर्गाची हद्द वाढत गेली. तिसरा बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला.

९/
वणवा-बंदीचा पहिला गाजलेला प्रयोग महाराष्ट्रालगत, सातपुड्यातील बोरीच्या जंगलात झाला. १८६० च्या दशकात कर्नल पिअर्सन यांनी तेथे आग रोखून दाखवली. वनखात्याचे प्रमुख डीट्रिख ब्रँडिस यांनी त्या यशाचे दाखले दिले आणि जंगलात आग नको हे खात्याचे सूत्र ठरले. ज्या जर्मन वनशास्त्रात ब्रँडिस वाढले होते, त्यात हे सूत्र शहाणपणाचेच होते. तेथे चार महिने मुसळधार आणि आठ महिने कोरडे असे हवामान नव्हते, आणि राबही नव्हता.

१०/
कायद्याची भाषा पाहण्यासारखी आहे. १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे. त्याचे कलम २६ राखीव वनात आग लावणे किंवा वनाला धोका होईल अशी आग पेटती ठेवणे हा गुन्हा ठरवते. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, आणि ती १८७८ च्या कायद्यातही होती : हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने राखीव वनात आग लागली तर त्या वनातील चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क सरकार हवे तितका काळ स्थगित करू शकते. गुन्हेगाराला झालेल्या शिक्षेपेक्षा हे वेगळे. एकाने काडी ओढली, तर साऱ्या गावाची गुरे दावणीला.

११/
आणि कलम ७९. वनात हक्क असणारे, परवानाधारक, तसेच लगतच्या गावातील सरकारी नोकर आणि गावकीच्या सेवेचा मोबदला घेणारे, या सर्वांनी वणव्याची वर्दी दिली पाहिजे आणि तो विझवला पाहिजे. न केल्यास शिक्षा. वन सरकारचे, आग विझवण्याचे कर्तव्य गावाचे. विझवण्याच्या मजुरीचा उल्लेख त्या कलमात नाही.

१२/
ही केवळ हिंदुस्थानातली कथा नव्हे. कॅलिफोर्नियात १८५० मध्ये मूळ रहिवाशांसाठी केलेल्या कायद्यात गवताळ माळ पेटवणे आणि लागलेली आग विझवायला नकार देणे, दोन्हींना दंड होता. तेथील जमाती शतकानुशतके थोड्या थोड्या जागेत, ऋतू पाहून, आग लावून जंगलातील सुके इंधन कमी ठेवत होत्या. ते थांबले. इंधन साचले. आज तेथील वनखाती त्याच जमातींच्या जाणत्यांना नियंत्रित आग शिकवायला बोलावतात.

१३/
आपल्याकडे विरोध लवकर सुरू झाला. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये सिद्ध केला. वनखात्याने डोंगर-दऱ्या आणि गायराने बळकावल्याने कुणब्याच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, ही त्यातील एक तक्रार. ठाणे-कुलाब्याकडे राबासाठी टाहाळ तोडण्यावरून एवढा असंतोष झाला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. ‘अडाणी कुणबी जंगल जाळतो’ या समजाची तपासणी कृषिशास्त्रज्ञांनाही करावी लागली. डॉ. जॉन व्होल्कर यांच्या १८९३ च्या भारतीय शेतीवरील अहवालात राबाची चर्चा आहे, ती याच वादातून.

१४/
खुद्द वनखात्यातही शंका निघाल्या. ब्रह्मदेशात सागवानाची जंगले आगीपासून वर्षानुवर्षे राखल्यावर असे दिसले की खाली बांबू आणि झुडपे माजतात, पण सागाची नवी रोपे येत नाहीत. १८९६ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ या खात्याच्याच वर्तुळातील नियतकालिकात अति-संरक्षणावर टीका छापून आली, आणि पुढच्या दशकात तेथील अनेक जंगलांत बंदी सैल झाली. गावकऱ्यांचे म्हणणे अधिकाऱ्यांना पटायला तीस वर्षे लागली. तेही ब्रह्मदेशात, आणि सागाच्या भावामुळे.

१५/
आता १९२१ हे एकच साल घ्या. हिमालयात कुमाऊंमध्ये बेगार आणि वनबंदीविरुद्ध चिडलेल्या लोकांनी चीडची राखीव जंगले पेटवली. सरकारला तक्रारनिवारण समिती नेमावी लागली. त्याच वर्षी १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. दोन्हीकडे प्रश्न डोंगरी लोकांच्या जमिनीचा. मुळशीकर हरले, सुमारे पन्नास गावांची भातखाचरे पाण्याखाली गेली.

१६/
धरणाच्या इतिहासात सहसा पाणी, वीज आणि मोबदला येतो. त्यातला एक धागा सुटतो. खोऱ्यातली सपाट जमीन बुडाली तेव्हा जे तेथेच राहिले, त्यांना वर सरकावे लागले, आणि वर उतार होते : वरकस, गवत आणि राखीव वनाची हद्द. जी आग खाचराच्या कडेला पेटायची, ती डोंगराच्या अंगावर पेटू लागणे यात नवल नव्हते. हे अनुमान आहे, पण नकाशा समोर ठेवला तर ते टाळणे कठीण जाते.

१७/
१९३० च्या जंगल सत्याग्रहात महाराष्ट्राने काय केले, हे या दृष्टीने पुन्हा पाहायला हवे. १० जुलैला पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव वनातील गवत कापून कायदा मोडला. पुढे बिळाशी, संगमनेर अशी ठिकाणे जोडली गेली. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेर येथे गोळीबार झाला आणि सत्याग्रही मारले गेले. मिठासाठी समुद्र होता. जेथे समुद्र नव्हता तेथे गवत निवडले गेले. शेतकऱ्याने ते कापणे गुन्हा, आणि न कापलेले गवत चैत्रात जळाले तरी संशय शेतकऱ्यावरच. कुमाऊंप्रमाणे येथे जंगले पेटवली गेली नाहीत, विळे चालवले गेले, हा फरक चळवळीच्या शिस्तीचा होता आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे.

१८/
स्वातंत्र्यानंतर गवताची किंमतच गेली. घरांवर गवताऐवजी कौले आणि पत्रा आला. टांग्याचे घोडे संपले. नांगराचे बैल कमी झाले, गावातली तरुण माणसे पिरंगुटच्या कारखान्यांत आणि पुण्यात कामाला गेली. ज्या गवतासाठी १९३० मध्ये लोक तुरुंगात गेले, ते आता कार्तिकात कापायला माणूस मिळत नाही. ते उभेच वाळते. माघापर्यंत कमरेइतके, कागदासारखे कोरडे.

१९/
काडी अजूनही माणसाचीच. पुढच्या वर्षी गवत चांगले फुटेल या समजुतीने कोणी मालकीचा डोंगर पेटवतो. कोणी शिकारीसाठी, कोणी वाट मोकळी व्हावी म्हणून. पण नवे हातही आले. ताम्हिणीच्या रस्त्याने सुट्टीला येणाऱ्यांनी फेकलेली सिगारेट आणि न विझवलेली चूल. तुकडे पाडून विकलेले डोंगर : मालक पुण्या-मुंबईला, कुंपण येथे, आणि कुंपणात वर्षानुवर्षांचे गवत. शेतकऱ्याला निदान आपला राब पेटताना तेथे उभे राहावे लागे.

२०/
धोका मात्र जुन्याच लोकांना. डोंगराच्या माथ्याकडचे धनगरवाडे, उतारावरच्या कातकरी वस्त्या, गावाबाहेरचे गोठे आणि पेंढ्याच्या गंजी. वणवा दिसला की आजही हाताशी येतील त्या ओल्या डहाळ्या घेऊन आग झोडपतात. आवरली नाही तर गवत समोरून पेटवून तिचे खाणे तोडतात. हे दुसरे काम वाऱ्याचा अंदाज असणाऱ्यानेच करावे असे असते, आणि कडक वाचन केले तर राखीव वनात ते कलम २६ खाली येईल.

२१/
सरकारी बाजूही स्थिर राहिलेली नाही. २०१३ मध्ये ताम्हिणी अभयारण्य जाहीर झाले, सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा राज्यात वणव्याचा हंगाम मानला जातो. त्याआधी वनखाते हद्दीवरचे गवत काढून, जाळून ‘जाळरेषा’ आखते. म्हणजे खात्यानेही आग अवजार म्हणून स्वीकारली, ती फक्त आपल्या हातात ठेवून. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून टिपलेल्या आगींची सूचना राज्यांना पाठवते. वनरक्षकाच्या मोबाइलवर ठिपका येतो. ठिपक्यापर्यंत मात्र चढूनच जावे लागते, आणि वाट दाखवायला गावातलाच माणूस लागतो.

२२/
२००६ च्या वनहक्क कायद्याने गावसमाजाला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. १८७८ च्या ‘ग्रामवना’नंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. मुळशीत अडचण वेगळीच आहे : डोंगराचा मोठा भाग ना राखीव वन, ना गावाचे सामूहिक वन; तो मालकीचा आहे आणि मालक बदलत आहेत. कलम २६ राखीव वनापुरते. जाळरेषा वनहद्दीपुरती. रस्ता आणि हद्द यांच्यामधल्या पट्ट्यात गवत कोणी कापायचे याचे उत्तर सातबाऱ्यावर शोधावे लागते, आणि तेथील पत्ता बहुधा शहरातला असतो. वाड्यावस्त्यांवरचे लोक होळीच्या आधी आपल्या गोठ्याभोवतीचे गवत स्वतःच काढून ठेवतात.