कोंडांतला खडस

चिपळूण तालुक्यांतील अलोरें हें गांव सह्याद्रीच्या पायथ्याशीं, कोळकेवाडी धरणाजवळ वसलें आहे. कृष्णेस मिळणाऱ्या कोयनेचें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस वळविलें गेलें, १९६२ पासून त्यावर वीज निर्माण होऊं लागली, आणि तेंच पाणी पुढें वाशिष्ठींत जातें. एका नदीचें पाणी दुसरीस असें देतां आलें. पण एका नदीचा मासा दुसरीस दिला तर काय होतें? याचें उत्तर खडस ऊर्फ महासीर माशाच्या इतिहासांत सांपडतें.

साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १८३९ सालीं पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील या माशाचें वर्णन प्रसिद्ध केलें. शास्त्रीय नांवांतील ‘खुद्री’ हा शब्द त्यानें मराठी बोलींतूनच उचलला. मोठे खवले, मिशांच्या दोन जोड्या, जबडा बिनदातांचा. परंतु घशांतील दांतांनीं हा मासा गोगलगायी सहज चिरडतो. उन्हाळ्यांत त्याला खोल डोह लागतो आणि पावसाळ्यांत अंडीं घालण्यास गोट्यांवरून खळाळणारें पाणी. धरणानें वाट अडली, वाळू उपसली गेली, सुरुंगानें डोह हादरला, कीं त्याचा वंश खुंटतो.

महाड तालुक्यांत काळ नदीवरील वाळणकोंडांत हे मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. त्यांना कोणी धरीत नाहीं. श्रद्धा हाच तेथील पहारा.

दुसरा मार्ग शास्त्राचा. १९७० नंतर लोणावळ्यास टाटांच्या तलावापाशीं डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आदि तज्ज्ञांनीं अंडीं कृत्रिम रीतीनें फलित करून पिल्लें वाढविलीं. प्रयत्न स्तुत्य होता. लक्षावधि पिल्लें देशभर गेलीं. कांहीं कावेरींत सोडलीं गेलीं. तेथें मात्र कुबडाचा महासीर पूर्वापार नांदत होता. त्याच्यावर इतर संकटें होतींच. त्यांत पाहुण्यांची संख्या वाढली आणि घरधनी दिसेनासा होऊं लागला. त्याचें खरें शास्त्रीय नांव २०१८ सालीं निश्चित झालें, आणि त्याच वर्षीं अतिसंकटग्रस्त जातींच्या जागतिक यादींत त्याची नोंद झाली.

वाळणकोंडानें माशाबरोबर त्याचा डोहही राखला. कावेरींत मासा नेला, पण नदीची चौकशी केली नाहीं. नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, असें म्हणतात. मासा सोडणाऱ्यास मात्र नदीचें मूळ आणि माशाचें कूळ हीं दोन्ही विचारावींच लागतात.