सारंगखेड्याचा घोडेबाजार

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात तापीच्या काठी वसलेले सारंगखेडा हे गाव एकमुखी दत्ताच्या मंदिरासाठी आणि तितकेच घोडेबाजारासाठी प्रसिद्ध आहे. दरवर्षी मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या मुहूर्तावर येथे यात्रा भरते आणि तिच्याबरोबरच हा बाजारही. त्याला सुमारे तीनशे वर्षांची परंपरा असल्याचे सांगितले जाते.

गुजरात आणि मध्य प्रदेशाची सीमा जवळ, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा स्थानकही फार दूर नाही. त्यामुळे परराज्यांतील व्यापारीही येथे येतात. टोकाशी आत वळलेल्या कानांचा मारवाडी, सौराष्ट्रातील काठियावाडी आणि पंजाबचा पांढराशुभ्र नुकरा या घोड्यांना विशेष मागणी असते.

खरेदीची सुरुवात तोंड उघडून होते. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांपासून पडू लागतात आणि पाचव्या वर्षापर्यंत कायमचे दात पूर्ण येतात. वयानंतर चाल, रंग आणि अंगावरील खुणा पाहिल्या जातात. चारही पाय व कपाळ पांढरे असलेला ‘पंचकल्याणी’ घोडा शुभ मानला जातो आणि त्याची किंमतही वाढते.

एकेकाळी घोडा लागे तो लष्कराला, प्रवासाला आणि टांग्याला. मोटारींनी ती गरज संपवली. बाजार मात्र संपला नाही. वरात, शर्यत, पैदास आणि हौस यांनी त्याला तारले. आता घोड्याचे मोल त्याच्या कामापेक्षा रूपावर व वंशावर अधिक ठरते.

यात्रेला जोडून ‘चेतक महोत्सव’ सुरू झाल्यावर पर्यटकांचा ओघ वाढला. महोत्सवाच्या आयोजनासाठी पर्यटन विकास महामंडळाने केलेला ३२१ कोटी रुपयांचा करार राज्य सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये रद्द केला. बाजाराची मूळ मदार मात्र यात्रेवर आणि अश्वपालकांवरच राहिली आहे.

बाजारापुढील गंभीर धोका ‘ग्लँडर्स’ या रोगाचा आहे. अश्ववर्गातील जनावरांचा हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. त्यावर लस नाही. बाधित घोड्याला दयामरण द्यावे लागते. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार रोगाची माहिती प्रशासनाला कळवणे बंधनकारक आहे. देशभरातील घोडे जेथे एकत्र येतात, तेथे एक आजारी जनावरही अनेकांचे नुकसान करू शकते. म्हणून दात आणि चाल पाहण्याइतकेच रक्ततपासणीचा दाखला पाहणेही खरेदीदारासाठी महत्त्वाचे ठरते.