बोट धडधाकट, मग ड्राइव्हच का मरतो? स्टर्नड्राइव्हची गोष्ट

आजचा भाग बोटींवर आहे, त्यातही बोटीच्या अगदी मागे लटकणाऱ्या एका यंत्रावर.

गेले काही आठवडे मी अमेरिकेतल्या जुन्या स्पोर्ट बोटी दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ बघतोय. लांब नाकाची, तीस-पस्तीस वर्षं जुनी बोट. फायबरचं अंग खणखणीत, इंजिनही ठीक. आणि मालक मागे उकिडवा बसून स्टर्नड्राइव्ह काढतोय. बऱ्याचदा तोच ड्राइव्ह आता मिळत नाही, म्हणून दुसऱ्या जातीचा बसवायचा घाट घातलेला असतो. बाकीची बोट धडधाकट असताना हाच भाग आधी का मरतो? आणि तो बदलणं एवढं जिकिरीचं का? हे शोधत मी मागे मागे गेलो आणि १९५८ सालाला जाऊन पोचलो.

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्या कोकणातल्या मच्छीमार बोटीत इंजिन बोटीच्या पोटात असतं. तिथून लांब शाफ्ट तळातून बाहेर येतो, टोकाला पंखा, त्याच्यामागे सुकाणू. याला इनबोर्ड म्हणायचं. मजबूत असतं, पण जागा खातं, आणि पंखा कायम खाली असल्यामुळे उथळ पाण्यात भीती असते. दुसरा प्रकार आउटबोर्ड. सगळं इंजिनच बोटीच्या मागे अडकवलेलं. ते हलकं असतं आणि वरही उचलता येतं, पण त्या काळात त्याची ताकद कमी होती आणि ते पेट्रोल भरपूर प्यायचं.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे या दोघांचं लग्न. इंजिन आत, पण बोटीच्या मागच्या भिंतीला चिकटून. भिंतीला भोक पाडून शक्ती बाहेर काढायची आणि बाहेर लटकवलेल्या पायातून खाली पंख्यापर्यंत न्यायची. वळायचं असेल तर तो सगळा पायच डावी-उजवीकडे फिरतो, म्हणून वेगळं सुकाणू लागत नाही. शिवाय हायड्रॉलिकने पाय थोडा वर-खाली करता येतो. याला ट्रिम म्हणतात. ट्रिम नीट जमला की बोटीचं नाक उचललं जातं, पाण्याला टेकलेलं अंग कमी होतं आणि वेग वाढतो.

आता माणसांकडे येऊ. जिम विन हा इंजिनिअर अमेरिकेत कार्ल कीकहेफरच्या कंपनीत कामाला होता. मर्क्युरी आउटबोर्ड बनवणारी हीच ती कंपनी. चार्ली स्ट्रँग हा तिथला दुसरा हुशार इंजिनिअर. आतलं इंजिन आणि बाहेरचा पाय जोडायची कल्पना या मंडळींच्या डोक्यात होती, पण आउटबोर्ड विकून मोठ्या झालेल्या मालकाला तिच्यात रस नव्हता. का असेल, याचा अंदाज तुम्हीही बांधू शकता. स्वतःच्याच दुकानासमोर दुसरं दुकान कोण उघडेल?

विनने नोकरी सोडली आणि मायामीत घरच्या गॅरेजमध्ये नमुना उभा केला. १९५८ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी तो डॅनिश बोटबांधणीकार ओले बॉटवेडबरोबर एका छोट्या आउटबोर्ड बोटीतून कोपनहेगनहून न्यूयॉर्कला, म्हणजे अटलांटिक ओलांडून गेला. बोटीच्या मागच्या टोकाला काय काय सोसावं लागतं, हे या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

कल्पना शेवटी स्वीडनमध्ये रुजली. व्होल्व्हो पेंटाचे प्रमुख हराल्ड विकलुंड यांनी ती उचलली, आणि १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये ८० हॉर्सपॉवरचा ॲक्वामॅटिक लोकांसमोर आला. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, कीकहेफरने स्वतःचा मर्क्रूझर आणला. ज्या कल्पनेकडे त्याने पाठ फिरवली होती, तीच! मूळ कल्पना कुणाची यावरून वाद आणि कोर्टकचेऱ्या पुढे बरीच वर्षं चालल्या. स्ट्रँगचं म्हणणं होतं की ती त्याला विनच्या आधी सुचली होती. हाच स्ट्रँग पुढे मर्क्युरीच्या कट्टर स्पर्धक कंपनीचा, ओएमसीचा प्रमुख झाला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधल्या काळात, १९६० मध्ये, मायामी ते नासाऊ ही खुल्या समुद्रातली शर्यत झाली. पहिली आली डिक बर्ट्रमची ‘मोपी’. रे हंटने आखलेलं तिचं तळ खोल व्ही आकाराचं होतं, लाटा कापत जाणारं. दुसरा आला जिम विन, स्टर्नड्राइव्ह लावलेल्या छोट्या बोटीतून. खवळलेल्या समुद्रात हे लटकणारं यंत्र टिकतं, हे त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. खोल व्ही तळ आणि मागे स्टर्नड्राइव्ह ही जोडी पुढे मायामीच्या वेगवान बोटींची ओळखच बनली. डॉन अॅरोनाओच्या ‘सिगारेट’ बोटी याच घराण्यातल्या.

इथून पुढे दुखणं सुरू होतं. पहिला ॲक्वामॅटिक ८० हॉर्सपॉवरचा होता. वेगाचं वेड लागल्यावर लोकांनी मागे मोठमोठी व्ही-८ इंजिनं बसवली. पण शक्तीला पंख्यापर्यंत पोचायला दोन काटकोनी वळणं घ्यावी लागतात. इंजिनातून आडवी येते, वरच्या गिअरांनी खाली वळते, खालच्या गिअरांनी पुन्हा आडवी होते. सगळा भार त्या मोजक्या दातांवर पडतो. खालचा भाग पाणी कापत जाणार, त्यामुळे तो निमुळताच ठेवावा लागतो. म्हणजे गिअर हवे तेवढे जाड करायची सोयही नाही.

आता लाटेवरून उडालेली बोट डोळ्यासमोर आणा. पंखा हवेत मोकळा गरगरतो, आणि पुढच्या क्षणी पाण्यात आपटतो तेव्हा सगळा झटका त्याच दातांवर बसतो. चांगला चालक उडी घेताच थ्रॉटल मागे खेचतो. नाही खेचला, तर बिल ड्राइव्हच्या नावावर फाटतं. इंजिनाची ताकद वाढवणं सोपं होतं. ती ताकद सोसणारा पाय बनवणं अवघड होतं, आणि तो नेहमी एक पाऊल मागेच राहिला.

मर्क्रूझरने यावर काढलेला एक उपाय म्हणजे टीआरएस. यात गिअर बदलायचं काम ड्राइव्हमधून काढून आत, इंजिनाला जोडलेल्या वेगळ्या गिअरबॉक्सकडे दिलं. १९८० च्या दशकातल्या कितीतरी वेगवान बोटी यावर धावल्या. त्या दशकाच्या शेवटी ब्राव्हो आला. त्याने गिअर बदलायची यंत्रणा ड्राइव्हच्याच वरच्या भागात बसवली, शंकूच्या आकाराच्या क्लचसह. ब्राव्हो वनची एक मोठी सोय अशी की त्याचा पंखा दोन्ही दिशांना चालवता येतो. दोन इंजिनांच्या बोटीत पंखे एकमेकांच्या उलट फिरवायचे असतील, तर त्यासाठी उलटं फिरणारं इंजिन लागत नाही.

टीआरएस बंद पडला, सुटे भाग दुर्मीळ झाले. म्हणून जुन्या बोटवाल्यांमध्ये टीआरएस काढून ब्राव्हो बसवायची पद्धत पडली. ऐकायला सोपं वाटतं ना? त्याच जातीचा ड्राइव्ह परत लावायचा असेल तर सोपं आहेही. ब्राव्होचा पाय सहा नटांवर धरलेला असतो. पण जात बदलली की आतला गिअरबॉक्स जातो, त्याच्या लांबीएवढं इंजिन मागे सरकवावं लागतं, त्याचे पाये नव्याने बसवावे लागतात, भिंतीवरची जोडणीही बदलते. मग एक लांब सळई बाहेरून बेअरिंगमधून आत घालून इंजिनाच्या कपलरमध्ये सहज सरकते का हे तपासायचं. अडली, तर इंजिनाची पुढची बाजू किंचित वर-खाली करत बसायचं. इथे आळस केला तर नवाकोरा ड्राइव्हही बेअरिंग आणि कपलर खाऊन टाकतो. रबराचे बेलो नीट बसले नाहीत, तर त्याहून वाईट. भिंतीतलं ते भोक पाण्याच्या पातळीखाली असतं आणि समुद्राला आत येण्यापासून तेच रबर अडवत असतं. बेलो फाटून बोट बुडू शकते.

आता ओएमसीची गोष्ट. या कंपनीनेही १९६० च्या दशकापासून स्वतःचे स्टर्नड्राइव्ह बनवले, अर्थातच स्वतःच्या जोडणीचे. त्यांचा जुना ड्राइव्ह तर भिंतीवर न टेकता आतल्या लांब आडांवर उभा असायचा आणि त्याला भिंतीत भलंमोठं भोक लागायचं. १९८० च्या दशकात त्यांनी कोब्रा आणला, त्याची जोडणी पुन्हा वेगळी. डिसेंबर २००० मध्ये ओएमसी दिवाळखोरीत गेली. मालकांकडे बोटी राहिल्या आणि त्यांच्या ड्राइव्हना मायबाप कंपनी उरली नाही. दुसरा ड्राइव्ह लावायचा तर आधी जुनं भोक फायबर आणि लाकडाने भरायचं, मग नव्या मापाने कापायचं. अनेकदा हा खर्च बोटीच्या किमतीला भिडतो, आणि चांगली फायबरची बोट आवारात सडत पडते.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं मर्म तिथेच आहे, त्या भिंतीतल्या भोकात. पेटंटांचं भांडण, कंपन्यांची चुरस, आपलंच माप खरं म्हणायचा हट्ट, हे सगळं शेवटी मालकाच्या बोटीत कायमचं कापलं गेलं. फायबरचं अंग पन्नास वर्षं सहज टिकतं. कंपनी तेवढी टिकेलच असं नाही.

आणि आज काळ पुन्हा आउटबोर्डकडे वळलाय. २०२१ मध्ये मर्क्युरीने ६०० हॉर्सपॉवरचा व्ही-१२ आउटबोर्ड आणला. सिगारेटसारख्या घराण्यातल्या नव्या बोटींमागेही आता आउटबोर्डच्या रांगा दिसतात. काही जुने बोटवाले तर स्टर्नड्राइव्ह काढून ते भोक कायमचं बुजवतात आणि मागे ब्रॅकेट लावून आउटबोर्ड टांगतात. आउटबोर्ड बिघडला की अख्खा उतरवता येतो, भिंतीला हात लावावा लागत नाही.

तुमच्यातले फार थोडे कधी स्पोर्ट बोट घेतील, मला माहीत आहे. मीही घेणार नाहीये. पण फोन घेता, लॅपटॉप घेता, उद्या इलेक्ट्रिक स्कूटर घ्याल. तेव्हा वेग आणि ताकद विचाराच. सोबत एवढंही विचारा की यातला सगळ्यात आधी मरणारा भाग कुठला, आणि कंपनी बंद पडली तर दुसऱ्या कुणाचा तिथे बसेल का?