इब्न अल-हैसम ते ट्रॉम्बे

प्रकाशविज्ञानाचा विषय निघाला की आपण इब्न अल-हैसमचे नाव अभिमानाने घेतो. बसऱ्याच्या या विद्वानाने अकराव्या शतकात कैरोत ‘किताब अल-मनाझिर’ लिहिले. डोळ्यांतून किरण निघतात म्हणून दिसते, हे जुने मत त्याने खोडून काढले. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून प्रकाश सोडून तो कसा जातो, हे त्याने तपासले. त्याचा खरा वारसा नावात नाही, पडताळून पाहण्याच्या या सवयीत आहे.

ती सवय कुणा एका समाजाची मिरास नाही. १९६० साली अमेरिकेत पहिला लेझर चालला. १९६२ मध्ये तिथेच अर्धवाहक लेझर तयार झाला. त्यानंतर दोनच वर्षांत, १९६४ मध्ये, आपल्या नवीन पनवेलपासून खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेतील अणुसंशोधन केंद्रात गॅलियम आर्सेनाइडचा लेझर बनला. आज आपल्या घरी येणारे फायबरचे इंटरनेट अशाच अर्धवाहक लेझरवर चालते.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभारण्याचे ठरले आहे. केंद्राने २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत लेझर सोडून तिथे गुरुत्वीय लहरी टिपल्या जातील.

तिथे आपल्या मोहल्ल्यातली मुलगी संशोधक म्हणून जाईल का? इब्न अल-हैसमचे गोडवे गाऊन ते होणार नाही. तिच्या शाळेत आधी प्रयोगशाळेचे कुलूप उघडले पाहिजे.