व्हॅलिस्नेरिया

(लॅ. व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस, कुल-हायड्रोकॅरिटेसी). गोड्या पाण्यात बुडून वाढणारी, फितीसारख्या लांब पानांची वनस्पती. दिसते गवतासारखी, पण गवताच्या कुळातली नाही; हायड्रिला मात्र तिच्याच कुळातली. प्रजातीला इटालियन वैद्य व निसर्गवैज्ञानिक आंतोन्यो व्हाल्लिस्नेरी (१६६१–१७३०) यांचे नाव आहे. ‘स्पायरॅलिस’ म्हणजे मळसूत्री. हे वर्णन पानांचे नसून मादी-फुलाच्या देठाचे आहे. नर-फुले तळाशी सुटून पृष्ठभागावर तरंगत येतात, मादी-फूल लांब देठावर वर येऊन त्यांची वाट पाहते आणि परागण झाले की देठ स्प्रिंगसारखा वळून फळाला पाण्याखाली ओढून नेतो. जलपरागणाचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण घरच्या टँकमध्ये सहसा दिसत नाही, कारण तिथली सारी झाडे बहुधा एकाच रोपाची पिल्ले, म्हणून एकाच लिंगाची असतात. उत्तर भारतात खांडसरी साखर पांढरी करण्यासाठी तिच्यावर अशाच पाणवनस्पतींचे थर पसरत.

मत्स्यपेटीत लावताना मुळांवरचे शिशाचे वेष्टन काढावे व ५–७ सेंमी. जाड बारीक खडीत मुळे खोचावीत. पाने जिथून फुटतात तो पांढरा गड्डा खडीच्या वर उघडा राहिलाच पाहिजे. तो गाडला गेला की झाड कुजते. रोपे मरण्याचे हे सर्वांत सामान्य कारण, आणि सर्वांत टाळता येण्याजोगे. नव्या पाण्यात आठवड्याभरात जुनी पाने काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात. घाबरून रोप उपटू नये. मुळे शाबूत असली तर मधून नवी पाने फुटतात. एकदा रुजली की धावत्या खोडाने ती रांगेने पिल्ले टाकत जाते.

पाण्यातल्या बायकार्बोनेटातूनही ती कार्बन घेऊ शकते. त्यामुळे बोअरचे जड पाणी तिला मानवते. कार्बन डाय-ऑक्साइडच्या नळकांड्यावर खर्च करण्याचे कारण नाही. मध्यम उजेड, रोज सुमारे आठ तास, पुरतो. शेवाळ मारायला विकली जाणारी ग्लुटराल्डिहाइडयुक्त द्रवरूप औषधे मात्र तिला सोसत नाहीत. पाने फार लांबली तर मधेच कातरू नयेत, टोके तपकिरी पडतात. अख्खे पान बुडापासून काढावे.

नको झालेली रोपे ओढ्यात वा तळ्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून मगच फेकावीत.