गाजलेलें नाटक आणि एक नाराज टीकाकार

नाटक गाजलेलें असावें, जाणत्यांनीं त्याची वाहवा केलेली असावी, आणि आपण मात्र अखेरचा पडदा पडल्यावर रिकाम्या मनानें बाहेर यावें, हा अनुभव बहुतेकांस केव्हां ना केव्हां आलेला असतो. अशा वेळीं दोष नाटकास न देतां आपण तो स्वतःच्या रसिकतेस देतों, व घरीं कोणीं विचारलें तर 'चांगलें होतें' एवढें म्हणून मोकळे होतों. मजवर हा प्रसंग प्रथम आला तो ॲडिसनच्या 'केटो' नाटकामुळें. 'स्पेक्टेटर'मधील ज्याच्या निबंधांनीं मन मोहून टाकलें होतें, त्याच लेखणीचें हें नाटक; तेव्हां केवढ्या अपेक्षेनें पुस्तक उघडलें! पांच अंक संपले, परंतु एकाहि पात्रासाठीं जीव हळहळला नाहीं. परीक्षेंत मात्र मीं त्याची तोंड भरून स्तुति लिहिली.

१४ एप्रिल १७१३ रोजीं लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहांत 'केटो'चा पहिला प्रयोग झाला. सीझरपुढें मान न वांकवितां युटिका शहरीं प्राणत्याग करणारा रोमन देशभक्त हा त्याचा नायक. राणी ॲननंतर राज्याचें काय होणार, या विवंचनेनें व्हिग आणि टोरी हे पक्ष तेव्हां हातघाईवर आलेले. 'स्वातंत्र्य' हा शब्द ऐकूं येतांच व्हिगांनीं टाळ्या पिटाव्या, आणि हा टोमणा आपणांस लागूच नाहीं हें दाखविण्यासाठीं टोरींनींहि तितक्याच जोरानें पिटाव्या! टोरी पुढारी बोलिंगब्रोक यानें तर केटोची भूमिका करणाऱ्या बूथ नटास आपल्यापाशीं बोलावून, तहहयात हुकूमशहाविरुद्ध स्वातंत्र्याची बाजू उत्तम मांडल्याबद्दल ५० गिनी दिल्या. हा चिमटा व्हिगांच्या लाडक्या मार्लबरो सेनापतीस होता. पडद्याआड ॲडिसन घामाघूम झाला होता. या टाळ्या हातांच्या आहेत, बुद्धीच्या नव्हेत, हें त्याला कळत होतें.

त्याच वर्षीं जॉन डेनिस या टीकाकारानें पुस्तिका काढून या यशास आव्हान दिलें. डेनिस स्वभावानें तिरसट, त्याचीं स्वतःचीं कांहीं नाटकें पडलेलीं. तेव्हां हा सारा मत्सर आहे, असें म्हणणें सोपें होतें. पण त्याचे मुद्दे पाहावे. स्थलैक्याचा नियम पाळण्याच्या हौसेनें ॲडिसननें सर्व व्यवहार एकाच दालनांत घडविले आहेत. केटोचा घात करूं पाहणारे सेंप्रोनियस आणि सायफॅक्स खलबतें करतात तीं केटोच्या ऐन दालनांत. जणूं युटिकेंत दुसरी जागाच उरली नव्हती! पुढें सेंप्रोनियस जूबा राजपुत्राचा वेष घेऊन केटोच्या मुलीस पळवावयास येतो व मारला जातो. ती त्या प्रेतालाच जूबा समजून शोक करते, आणि खरा जूबा तो शोक ऐकत उभा! जेथें डोळे भरून यावे तेथें हंसूं येतें.

पोपनें 'केटो'साठीं नांदीची कविता लिहिली होती. त्यानें आतां डेनिसला वेड लागल्याची एक थट्टेची कहाणी छापली. मुद्द्यांना तिच्यांत उत्तर नव्हतें.

'केटो' सर्वस्वीं निर्जीव होतें असेंहि म्हणवत नाहीं. १७७८ च्या मे महिन्यांत, व्हॅली फोर्जचा कडक हिंवाळा सोसलेल्या वॉशिंग्टनच्या सैन्यापुढें त्याचा प्रयोग झाला. त्या लोकांस स्वातंत्र्य हा केवळ पक्षाचा शब्द नव्हता. नाटकाजवळ जें नव्हतें तें त्या प्रेक्षकांनीं आपल्याबरोबर आणलें होतें, असें मला वाटतें.

पुढें जॉन्सननें आपल्या कविचरित्रांत (१७७९–८१) डेनिसच्या पुस्तिकेंतील उतारेच्या उतारे घेतले, आणि दोष रागानें दाखविले असले तरी ते मार्मिक दृष्टीनें हेरलेले आहेत, हें मान्य केलें. मीं हें वाचलें तेव्हां पदवी मिळून बरींच वर्षें लोटलीं होतीं. परीक्षेंतला तो पेपर आठवून मनांतल्या मनांत शरमलों.

डेनिसला मात्र हा कौल ऐकावयास मिळाला नाहीं. म्हातारपणीं तो आंधळा व दरिद्री झाला. १७३३ च्या डिसेंबरांत त्याच्या मदतीसाठीं लंडनांत एका नाटकाचा प्रयोग करण्यांत आला. त्याहि प्रयोगाची नांदी पोपनेंच लिहिली, आणि तिच्यांतहि म्हाताऱ्यास चिमटे काढण्याचा मोह त्याला आवरला नाहीं. पुढच्याच महिन्यांत डेनिस वारला.