चालत्या इंजिनातले एक बेअरिंग

१९९२ साली पोर्शे ही जर्मन कंपनी बुडण्याच्या बेतात होती. १९८६च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांहून अधिक गाड्या विकणारा हा कारखाना सहा-सात वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास येऊन ठेपला. मोठे गिऱ्हाईक अमेरिकेत. १९८७ साली तिथला शेअर बाजार कोसळला, डॉलर घसरला आणि श्टुटगार्टमध्ये जुळवलेली मुळातच महाग गाडी अमेरिकन माणसाला आणखी महाग पडू लागली. अशा वेळी वेंडेलिन वीडेकिंग या चाळिशीतल्या इंजिनिअरच्या हाती कारभार आला. त्याने टोयोटात तयार झालेले जपानी सल्लागार बोलावले. सुट्या भागांनी खचाखच भरलेली उंच फडताळे पाहून त्यांनी वीडेकिंगच्या हातात करवत दिली आणि वरचा भाग कापून टाकायला सांगितले. साहेबाने कामगारांच्या देखत ती फडताळे कापली. कारखान्यांच्या इतिहासात हा प्रसंग आजही सांगितला जातो, आणि सांगावा असाच आहे.

या काटकसरीतून दोन गाड्या निघाल्या. १९९६ची बॉक्स्टर आणि १९९७ची नवी ९११, जिला कारखान्याच्या आकड्यांत ९९६ म्हणतात. दोघींचा पुढचा भाग, दारे आणि इतर पुष्कळ काही सामाईक होते. इंजिनही एकाच घराण्यातले, एम ९६. तीन दशकांहून अधिक काळ हवेने थंड होणारी ९११ आता पाण्याने थंड होऊ लागली. जुने शौकीन खवळले. पण गाड्या विकल्या गेल्या, कंपनी वाचली. ही बचत झाली नसती तर पोर्शे स्वतंत्र राहिलीच नसती, हे आधी मान्य करून मगच पुढचे बोलावे.

माझा विषय आहे त्या इंजिनातले एक बेअरिंग. इंजिनाच्या पोटात क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला शाफ्ट असतो. क्रँकशाफ्ट साखळीने त्याला फिरवतो आणि तो पुढे साखळ्यांनीच दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट फिरवतो. कॅमशाफ्टवर वाल्वची उघडझाप अवलंबून. म्हणजे हा मधला शाफ्ट जरा जरी डगमगला तरी सगळ्या इंजिनाचा ताल बिघडणार. जुन्या ९११मध्येही असा शाफ्ट होता, पण तो साध्या बेअरिंगवर फिरे. साधे म्हणजे धातूची गुळगुळीत कवचे, त्यांत दाबाने येणारे तेल. नव्या इंजिनात फ्लायव्हीलकडच्या टोकाला त्याऐवजी छर्ऱ्यांचे, म्हणजे बॉल बेअरिंग बसवले गेले. तेही बंद: आत ग्रीस भरलेले, दोन्ही बाजूंनी सील. दाबाच्या तेलाची वाट तिथवर नेण्याची गरजच ठेवली नाही.

(मराठी विश्वकोशात बेअरिंगला ‘धारवा’ असा चांगला शब्द आहे. धारण करतो तो धारवा. पण आजवर कुठल्याही गॅरेजमध्ये तो माझ्या कानी पडलेला नाही, म्हणून मीही बेअरिंगच म्हणतो.)

बेअरिंगचे हे दोन प्रकार म्हणजे दोन वेगवेगळे इतिहास आहेत. योगायोगाने दोघांतही १८८३ हे साल येते. त्या वर्षी इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसासारख्या साध्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने वरून एक भोक पाडले होते. यंत्र सुरू झाले की त्या भोकातून तेल उलटे वर येई. त्याने लाकडी बूच ठोकले, तर तेही बाहेर फेकले गेले. मग दाबमापक लावून पाहिला, तेव्हा कळले की फिरणारा आस स्वतःच तेलाला आत खेचतो आणि त्या तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. तीन वर्षांनी, १८८६ साली, ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी या थराचे गणित मांडले. आज जवळपास प्रत्येक मोटारीचा क्रँकशाफ्ट याच तत्त्वावर फिरतो.

त्याच १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात फ्रिडरिश फिशर याने पोलादी छर्रे एकसारखे गोल घासणारे यंत्र तयार केले. छर्ऱ्यांवर फिरण्याची कल्पना जुनी होती, पण सगळे छर्रे नेमके एका मापाचे नसतील तर सारा भार एक-दोघांवरच पडतो. फिशरच्या यंत्राने ती अडचण सोडवली आणि श्वाइनफुर्ट छर्ऱ्यांचे गाव झाले. इतके, की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४३च्या १७ ऑगस्टला आणि १४ ऑक्टोबरला या गावावर दिवसाढवळ्या हल्ले केले. पहिल्या दिवशी रेगेन्सबुर्गच्या विमान कारखान्यावरचा हल्लाही याच मोहिमेत होता. दोन्ही दिवशी साठ-साठ बॉम्बफेकी विमाने परत आली नाहीत. जर्मन उत्पादन मात्र थांबले नाही. कारखाने विखुरले गेले, आणि जिथे जमेल तिथे यंत्रांचे आराखडे बदलून बॉल बेअरिंगऐवजी साधी बेअरिंगे बसवली गेली. युद्धाच्या रेट्यात जर्मनांनी छर्रे काढून साधी कवचे घातली, आणि पन्नास वर्षांनी पैशाच्या रेट्यात उलट केले! एम ९६ इंजिनात क्रँकशाफ्ट टॉवरच्या तेलावर तरंगतो आणि त्याच्या खाली वीतभर अंतरावर मधला शाफ्ट फिशरच्या छर्ऱ्यांवर फिरतो.

बॉल बेअरिंग वाईट असते असे मुळीच नाही. वर्षानुवर्षे ते तक्रार न करता चालते. प्रश्न जागेचा होता. हे बेअरिंग गरम तेलाच्या सान्निध्यात असते. उष्णतेने सील कडक होते, तेल थेंबाथेंबाने आत शिरते, ग्रीस धुऊन निघते. आत गेलेले तेल बाहेर येऊन ताजे होत नाही, तिथेच जळत, आंबट होत राहते. म्हणजे रक्षणासाठी लावलेले सीलच ताज्या तेलाला अडवून बसते. मग छर्ऱ्यांवर खड्डे पडतात, पिंजरा तुटतो, शाफ्ट डगमगतो, साखळी दात सोडते आणि पिस्टन उघड्या वाल्ववर आदळतो. एवढे झाल्यावर दुरुस्ती उरत नाही, इंजिनच बदलावे लागते. जुन्या बॉक्स्टरची बाजारातली किंमत पाहता बऱ्याचदा इंजिन गाडीपेक्षा महाग पडते.

सुरुवातीच्या गाड्यांत छर्ऱ्यांच्या दोन ओळी होत्या. २०००च्या सुमारास एकाच ओळीचे, आणखी लहान बेअरिंग आले. ते साधारण ६२०४ मापाचे, आतून २० मिलिमीटर, बाहेरून ४७. याच मापाचे बेअरिंग विजेच्या मोटारींत आणि धुलाई यंत्रांतही सर्रास सापडते. त्याच काळात ९११च्या टर्बो आणि जीटी३ या सर्वांत महागड्या गाड्यांत हान्स मेत्सगर यांच्या परंपरेतले, शर्यतीतून आलेले जुने इंजिन ठेवले गेले. त्यात हे बेअरिंग नाही, म्हणून हा आजारही नाही. या तपशिलावर माझे मन अडते. काटकसर कोणाच्या इंजिनात करायची आणि कोणाच्या नाही, हे कुणीतरी कागदावर ठरवलेच असणार.

आता आकड्यांकडे येऊ. २०१३ साली अमेरिकेत मालकांच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली. साधारण २००१ ते २००५ दरम्यान बनलेल्या काही बॉक्स्टर आणि ९११ गाड्या तिच्यात येत होत्या. तेव्हापासून दोन ओळींच्या बेअरिंगसाठी सुमारे एक टक्का आणि एका ओळीच्यासाठी आठेक टक्के हे प्रमाण सर्वत्र सांगितले जाते. शंभरातली आठ इंजिने. हे जास्त की कमी?

स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातल्या आर्विद पाल्मग्रेन आणि गुस्ताफ लुंडबर्ग यांनी १९४७ साली बेअरिंगच्या आयुष्याचे गणित मांडले. पाल्मग्रेन एसकेएफ कंपनीत होते. १९६०च्या दशकापासून आपल्या पुण्याजवळ चिंचवडला कारखाना असलेली तीच ही कंपनी. एकाच दिवशी, एकाच पोलादातून घडवलेली बेअरिंगे एकाच वेळी मरत नाहीत, हे या गणिताचे मूळ. म्हणून ‘आयुष्य’ म्हणजे शंभरातली नव्वद जिथवर तग धरतात तेवढे फेरे, अशी व्याख्या केली गेली. दहा तोवर गेलेली असणार, हे गृहीतच. भार अर्धा केला तर छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य आठपट होते, हेही त्याच गणितातले. तेव्हा कागदावर आठ टक्के म्हणजे काही आभाळ कोसळले नाही. पण धुलाई यंत्राचे बेअरिंग गेले तर कपडे ओले राहतात. इथे इंजिन जाते.

मग न बिघडलेले बेअरिंग आधीच बदलून टाकावे का? वरवर पाहता उत्तर सोपे वाटते, पण या प्रश्नालाही इतिहास आहे आणि तो सावध करणारा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाने विमानांच्या बिघाडांचे तास मोजले. दर पन्नास उड्डाणतासांनी तपासणी होई. अपेक्षा अशी, की तपासणीनंतर बिघाड कमी होतील आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढतील. झाले उलटे. तपासणीनंतर लगेचच बिघाड सर्वांत जास्त. धडधाकट यंत्र उघडल्याने नव्या चुका आत जात होत्या. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांच्या पाहणीत विमानाच्या भागांपैकी जेमतेम अकरा टक्के भाग वय वाढेल तसे बिघडत जाणारे निघाले. बाकीच्यांसाठी ‘इतके तास झाले, बदला’ हा नियम फारसा कामाचा नव्हता.

शाळेत आम्हाला सांगितले जाते की प्रतिबंध हा उपचारापेक्षा बरा. मीही मुलांना निबंधात तेच लिहायला लावतो. वॉडिंग्टनचे आलेख पाहिल्यापासून त्या ओळीपुढे मनातल्या मनात एक प्रश्नचिन्ह असते.

या बेअरिंगच्या बाबतीत तोल बदलायला लावण्याच्या बाजूने झुकतो, असे माझे मत आहे. झीज सील आणि ग्रीसची आहे आणि ती काळाबरोबर वाढतेच. बाहेरून कळण्याची खूण उशिरा दिसते. शिवाय क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा हे बेअरिंग तीन बोल्टच्या एका झाकणामागे समोरच असते. फक्त आधी क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट जागच्या जागी बांधून साखळ्यांचे टेन्शनर सैल करावे लागतात. त्यात घाई झाली की वॉडिंग्टन खरा ठरला म्हणून समजा. नव्या बेअरिंगचे छर्रे पुष्कळदा सिलिकॉन नायट्राइडचे, म्हणजे सिरॅमिकचे असतात, आणि इंजिनाचे तेल आत खेळते राहावे म्हणून सील काढलेले असते. दुसरा पर्याय साध्या बेअरिंगचा, त्याला दाबाने तेल पुरवणारी नळी जोडून. म्हणजे फिरून टॉवरकडेच.

माझा भाचा शारजात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे. आमच्या कोकणातली कितीतरी मुले तिकडे याच कामात आहेत. तो म्हणाला, “मामू, आम्ही आधी तेलाचा फिल्टर कापून उलगडतो. त्यात चमचम दिसली तर बेअरिंग बदलत नाही, मालकाला खाली बसवून सांगतो.” कारण धातूचा चुरा एव्हाना तेलाबरोबर सगळ्या इंजिनात फिरलेला असतो आणि नवे बेअरिंग घालणे म्हणजे मालकाचे पैसे दुसऱ्यांदा घेणे. त्याच्याकडे येणाऱ्या गाड्यांत कमी चाललेल्या, झाकून ठेवलेल्या गाड्यांची सीलं जास्त खराब असतात, असेही तो सांगतो. इतर कारागिरांचा अनुभवही साधारण असाच आहे. रोज पळणाऱ्या गाडीचे तेल वेळेवर बदलले जाते, शोभेच्या गाडीचे राहून जाते.

कंपनीने २००६च्या सुमारास हे बेअरिंग मोठे केले. ते अधिक टिकते. पण ते इतके मोठे आहे, की इंजिनाचा सांगाडा दुभंगल्याशिवाय त्या भोकातून बाहेरच येत नाही. त्या गाड्यांचे मालक क्लच बदलताना फार तर बाहेरचे सील उचकटून काढतात, तेल आत जाऊ देतात आणि झाकण परत लावतात. २००९च्या मॉडेलपासून नवे इंजिन आले, आणि त्यात तो मधला शाफ्टच ठेवलेला नाही.